पाण्यातल्या टोपाची कबुली

मित्रांनो, मी टोप आहे. जुना झालोय, पोचे आलेत, डाव्या बाजूला तडाही गेलाय. टोप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शेगडीवरचं भांडं आलं असेल तर त्यात तुमची चूक नाही, त्या घोटाळ्याची गोष्टही सांगणार आहे. पण मी डोक्यावर घालायचा टोप. सायकलवाले घालतात तो, वरून भोकं असलेला आणि हनुवटीखाली पट्टा बांधायचा. ही गोष्ट मी कौतुक करून घ्यायला सांगत नाहीये. कौतुक माझं पुष्कळ झालंय. समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत माझ्या कौतुकाचं पत्र टांगलंय. मी रोज ते वाचतो आणि रोज मला वाटतं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. पण मी खिळ्यावर टांगलेला, त्यामुळे तेही जमत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. वरून निळं कवच आणि आतून पांढरा, हलका, फुसफुशीत थर. एकाच दिवशी आम्ही चारशे भावंडं जन्मलो, सगळी एकाच तोंडवळ्याची. प्रत्येकाच्या पोटात एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर लिहिलेलं होतं की आपलं काम एकच, डोकं वाचवणं. दुकानात पडून असताना वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तोच कागद पाठ केला.

मला ताईनं विकत घेतलं. तिला सगळे ताईच म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. ताई शिवणकाम करायची, पण झबली-टोपडी नव्हे. बोटींवरची ताडपत्री, छतं, जाड गाद्या असली दांडगी शिलाई. मशीनवर बसून बसून तिचे गुडघे धरले, तेव्हा डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. ताईनं सायकल घेतली, मला घेतलं, हातमोजे घेतले, पाण्याची बाटली घेतली आणि तीन वेळा सायकल चालवली. चौथ्या दिवशी गुडघे दुखत होते म्हणून राहिलं. त्यानंतर दोन वर्षं मी फडताळात होतो आणि माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवलेले असायचे. एकही डोकं न वाचवता मी म्हातारा होणार, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो.

ताईचा नवरा पाणबुड्या. म्हणजे पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्याखाली कामं करणारा. धक्क्याचे खांब तपासायचे, बोटींच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे तलावातल्या पंपघराची जाळी साफ ठेवायची. गावाला पाणी त्या जाळीतून जायचं. हे काम पाणीखात्याचं, आणि पाणीखात्याचे एक साहेब होते. त्यांना एक दिवस शंका आली.

"तुम्ही खाली जाता, वर येता, जाळी साफ केली म्हणता. आम्हाला काय दिसतंय? यापुढे व्हिडिओ आणा."

"हो साहेब," पाणबुड्या म्हणाला.

आता तुम्हीच बघा. एका हातात दिवा, कारण खाली अंधार. दुसऱ्या हातात कॅमेरा. मग जाळी कशानं घासायची, दातानं? पहिल्या व्हिडिओत वीस मिनिटं पाणबुड्याचा अंगठा होता. साहेबांनी तो पूर्ण पाहिला आणि विचारलं, "जाळी एवढी जाड असते का?"

त्या दिवशी जेवताना पाणबुड्या म्हणाला, "मला तिसरा हात पाहिजे."

"आहेत त्या दोघांनी आधी ताट उचला," ताई म्हणाली.

ताट ठेवायला तो उठला, चिमट्यांसकट मी त्याला दिसलो, आणि तो तसाच उभा राहिला. चिमटे जमिनीवर ओतले गेले. माझ्या आयुष्याला तिथून कलाटणी मिळाली.

मित्रांनो, मला घडवताना त्यानं खूप डोकं लढवलं. माझ्या टाळूवर भोकं पाडून कॅमेऱ्याची पाणी न शिरणारी डबी बसवली. दोन्ही कानांच्या बाजूंना वीतभर लांबीचे दोन लोखंडी हात काढले आणि त्यांच्या टोकांना दिवे. दिवे इतके लांब का, तर कॅमेऱ्याला खेटून दिवा लावला की पाण्यातला गाळच चमकायला लागतो आणि पडद्यावर बर्फ पडतोय असं वाटतं. हे त्याला साहेबांनी "तलावात बर्फ कधीपासून?" असं विचारल्यावर कळलं.

पहिल्या बुडीत माझं पोट हलकं असल्याचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाण्यात शिरल्याबरोबर मी वर निघालो. डोकं माझ्याबरोबर आलं, पाय खालीच राहिले, आणि पाणबुड्या तलावाच्या मध्यावर ओढलेल्या रबरासारखा ताणला गेला. मग त्यानं माझ्या कडेनं शिशाचे तुकडे चिकटवले. ते इतके झाले की दुसऱ्या बुडीत त्याची हनुवटी छातीवरून हलेना आणि व्हिडिओत अर्धा तास त्याचं पोट आलं. तिसऱ्या खेपेला जमलं. त्याचे दोन्ही हात मोकळे झाले. तो जिकडे बघेल तिकडे उजेड आणि उजेड पडेल तिकडे कॅमेरा. फडताळात चिमटे सांभाळणारा मी, मला धन्य वाटलं.

आता होयबाबद्दल सांगायला हवं, कारण माझा सगळा अपराध त्याच्यापाशी येऊन थांबतो.

होयबा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, पाणबुड्याचा मेहुणा. त्याचं खरं नाव घरातले विसरले होते आणि बहुतेक तोही विसरला होता. वय पस्तिशीच्या पुढे, अंगानं आडवा, आवाजानं बारीक. कुणालाही, कशालाही तो नाही म्हणायचा नाही. शेजाऱ्यांचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं असो, कोणाची मांजर आठवडाभर सांभाळायची असो, हो. पाणबुड्याबरोबर तो मदतीला असायचा. नळकांडी उचलायची, बोट वल्हवायची, भाऊजी खाली असताना त्यांच्या कमरेची दोरी धरून बसायचं. बुडी मारायलाही शिकला होता, कारण भाऊजींनी "शिकतोस का" म्हणून विचारलं होतं.

एकदा पाणबुड्या मला घरी विसरून तलावावर पोचला आणि त्यानं फोन केला, "टोप घेऊन ये. लगेच." होयबा तासाभरानं आला. स्वयंपाकघरातला सगळ्यात मोठा टोप घेऊन, झाकणासकट.

"हा कशाला?"

"तुम्ही टोप म्हणालात भाऊजी."

"तलावावर मी हा काय डोक्यावर घालू?"

"मला वाटलं तुम्हाला काहीतरी लागत असेल."

"अरे, पण विचारावं ना, की टोप कशाला?"

होयबानं टोपावरचं झाकण नीट बसवलं. समोरच्याला नाही म्हणायची ज्याला सवय नाही, त्याला कशाला असंही विचारता येत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण घरी आल्यावर हा किस्सा ऐकून मी नुसता हसलो.

आणखी एक फजिती सांगतो, कारण तिच्यातूनच पुढचं सगळं निघालं. माझ्या पट्ट्याचा चाप सैल होता. एकदा खाली असताना तो सुटला आणि मी एकटाच वर आलो, दिवे लावलेले, खाली डोकं नाही. होयबा बोटीत दोरी धरून बसला होता. रिकामा टोप पाण्यातून वर येताना बघून त्यानं दोरी सोडली, मला छातीशी धरलं आणि रडायला लागला. "भाऊजी, भाऊजी" करत माझ्यावरून हात फिरवत होता. मागून पाणबुड्या वर आला, तोंडातली नळी काढली आणि म्हणाला, "मी इकडे आहे. त्याला खाली ठेव."

त्या दिवशी ताईनं चाप उपटून फेकला आणि त्या जागी ताडपत्रीला लावतात तसले दोन जाड बंद शिवले. ते हनुवटीखालून घेऊन मागे मानेवर दुसऱ्या माणसानं गाठ मारायची. ती गाठ ओली झाली की अशी आवळायची की वर आल्यावर दोघांना मिळून सोडवावी लागे.

"आता मुंडकं निघून येईल, टोप येणार नाही," ताई म्हणाली.

सगळे हसले, आणि सगळ्यांत जास्त मी.

मित्रांनो, पाण्याखाली बोलता येत नाही. म्हणून पाणबुड्यांच्या दिव्याच्या खुणा असतात. दिवा गोल फिरवला की "सगळं ठीक". दिवा आडवा, इकडून तिकडे हलवला की "संकट आहे, ये". दिवा हातात होता तोवर ही खूण माणूस ठरवून करायचा. पण आता दिवे डोक्यावर आले. आणि पाणबुड्याला एक खोड होती.

जमिनीवर तो साहेबांना "हो साहेब" शिवाय काही म्हणत नसे. पोटातले सगळे नकार तो पाण्याखाली नेऊन मोकळे करायचा. मी त्याच्या कवटीला टेकलेला, त्यामुळे मला सगळं कळायचं. जाळी घासता घासता तो मनातल्या मनात साहेबांशी भांडायचा आणि जोरजोरात मान हलवायचा. नाही, जमणार नाही, अजिबात नाही. आणि माझे दोन्ही दिवे इकडून तिकडे, इकडून तिकडे.

होयबा वरून बघायचा. पंपघराचा ओटा तलावावर पुढे आलेला, त्याच्या सावलीत पाणी काळं दिसायचं आणि त्यात आमचा उजेड स्पष्ट हलायचा. संकट आहे, ये. होयबा कपड्यांसकट उडी मारायचा. एका बुडीत त्यानं तीन वेळा उडी मारली. तिसऱ्या वेळी तर भाऊजींना काखेत धरून वर काढलं आणि ते जिवंत आहेत याची खात्री पटेपर्यंत त्यांच्या पाठीत गुद्दे घातले. त्या दिवसाच्या व्हिडिओत जाळी कमी आणि अंधारातून पुढे येणारा, गाल फुगवलेला होयबा जास्त होता.

साहेबांनी विचारलं, "हा मासा कोणता?"

पाणबुड्या वैतागला. घरी येऊन त्यानं नवीन नियम केला. "डोक्यावरच्या दिव्याचं मनावर घ्यायचं नाही. मी मान हलवतो, ती सवय आहे. खरंच काही झालं तर दोरीला चार झटके देईन. दिवा हलला तरी जागेवरून उठायचं नाही. कळलं?"

"हो भाऊजी," होयबा म्हणाला.

इथे मी कबूल करतो. माणसांची एकमेकांना हाक मारायची खूण माझ्यामुळे त्या दिवशी बाद झाली, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. माझ्याजागी दुसरा कोणी असता तर त्याला वाईट वाटलं असतं. मला बरं वाटलं. आता कोणी मध्येच उडी मारून माझा व्हिडिओ बिघडवणार नव्हतं.

नंतर माझे चांगले दिवस आले. लांबलांबचे पाणबुडे मला बघायला यायचे, माझे लोखंडी हात मोजायचे, वाकडे कुठे केलेत ते कागदावर काढून न्यायचे. कोणी आला की पाणबुड्या मला टॉवेलवर ठेवायचा. "याच्यामुळे हात मोकळे झाले," म्हणायचा. त्या हातांतून काय सुटलं ते मात्र कोणी मोजत नव्हतं. एकमेकांकडे बघायचं काम सगळ्यांनी माझ्या कॅमेऱ्यावर सोपवलं होतं, आणि तो तर फक्त जाळीकडे बघायचा.

मग तो दिवस आला.

पाणबुड्याला सर्दी झाली होती. सर्दीत बुडी मारायची नसते. खाली पाण्याचा दाब कानांवर येतो आणि नाक चोंदलेलं असलं की कान मोकळे करता येत नाहीत. सकाळी साहेबांचा फोन आला की आजच व्हिडिओ पाहिजे, उद्या वरून पाहुणे येतायत.

"हो साहेब," पाणबुड्या म्हणाला. फोन ठेवून त्यानं होयबाकडे बघितलं.

होयबाचा गाल सुजला होता. तीन आठवडे दाढ दुखत होती आणि त्या दिवशी अकरा वाजता दातांच्या डॉक्टरांकडे नंबर होता.

"तू उतरतोस का आज? दाढ काय, उद्या काढता येईल."

होयबानं जिभेनं दाढ चाचपली. "हो," म्हणाला.

पंपघरापाशी एक रंगारी कठड्याला निळा रंग देत होता. होयबा बुडीचा पोशाख चढवून पायऱ्यांवर बसला, तेव्हा तो रंगारी म्हणाला, "दादा, पायाला सुरी दिसते तुमच्या. जरा देता का? डब्याचं झाकण बसलंय घट्ट."

पाणबुड्यांच्या पोटरीला सुरी बांधलेली असते, कुठे अडकलं तर कापायला. होयबानं ती काढून दिली. "घ्या ना," म्हणाला. भाऊजींनी मागे माझी गाठ मारली, कमरेला दोरी बांधली, आणि आम्ही खाली गेलो.

तीन माणसं एकावर एक उभी केली तर बुडतील एवढं ते पाणी खोल. होयबा हळूहळू, नीट काम करत होता. पाणबुड्यासारखी मान हलवत नव्हता, कोणाशी भांडत नव्हता. मी खूश होतो. चित्र कसं स्थिर येत होतं. जाळीच्या डाव्या कोपऱ्यात कचरा जास्त साठतो आणि तिथवर आजपर्यंत माझा उजेड पोचला नव्हता. होयबा तिथे वाकला. त्यानं डोकं आणखी आत घातलं, आणि माझा डावा हात, तो वीतभर लांब लोखंडी हात, दोन गजांच्या मधून सरळ आत गेला.

बाहेर यायला तो तयार नव्हता. आतल्या बाजूनं दिवा आडवा झाला होता. होयबानं मागे ओढलं, मी गजाला अडकलो आणि बंदांनी त्याची हनुवटी आवळली. त्यानं दोन्ही हात मानेमागे नेले. गाठ भिजून दगड झाली होती. हातमोजा काढून नखं लावून बघितली. मग त्यानं हात पोटरीकडे नेला, म्यान चाचपलं, आणि तसाच काही क्षण थांबला. त्याला रंगारी आठवला असणार.

दोरी होती. त्यानं चार झटके दिले. पुन्हा चार. पण दोरी जाळीत अडकलेल्या एका जाड फांदीखालून गेली होती, झटके फांदीलाच जाऊन लागत होते. वर दोरी ढिलीच.

मित्रांनो, ज्याचं काम डोकं वाचवणं, त्यानंच डोकं धरून ठेवलं होतं. मी माझ्या परीनं वाकायचा प्रयत्न केला. पण मला मजबूत बनवलं होतं, आणि त्याबद्दल माझी किती वाहवा झाली होती.

मग होयबानं उरलं होतं तेवढं केलं. माझा उजवा दिवा गजांच्या बाहेर होता. त्याला मान वीतभर हलवता येत होती. तो मान हलवायला लागला. इकडून तिकडे, इकडून तिकडे.

वर काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. ताईनं ते पुढे इतक्या जणांना सांगितलं की मला शब्दन्‌शब्द पाठ झालाय. ती नवऱ्याचं औषध आणि मफलर घेऊन आली होती आणि औषध न घेता तलावावर आल्याबद्दल त्याला ऐकवत होती. तो पायऱ्यांवर घोंगडी पांघरून चहा पीत होता, दोरी गुडघ्याखाली दाबलेली.

"बघ," तो नाक पुसत म्हणाला, "तुझा भाऊ पण माझ्यासारखा मान हलवायला लागला. संगतीचा परिणाम."

"कशी मान?"

"तो उजेड हलतोय ना, तो. नाही नाही म्हणतोय. खाली गेलं की मीही म्हणतो."

"कोणाला?"

"साहेबांना. आणखी कोणाला?"

ताईनं पाण्याकडे बघितलं. उजेड हलत होता.

"तो नाही म्हणतोय?"

"हो ना."

"माझा भाऊ?"

एवढंच. पुढे तिला काही बोलावं लागलं नाही. चहाचा पेला पायऱ्यांवरून घरंगळत पाण्यात गेला. पाणबुड्यानं घोंगडी फेकली, मास्क डोळ्यांवर ओढला, जादा ठेवलेलं नळकांडं काखेत मारलं आणि पळता पळता रंगाऱ्याच्या हातातली सुरी हिसकावली. "अहो, झाकण अजून निघालं नाहीये," रंगारी म्हणाला.

पाणबुड्या खाली आला तो मला दिसला. त्यानं मध्ये थांबायला हवं होतं, नाक दाबून कान मोकळे करायला हवे होते. पंधरा वर्षं तो लोकांना हेच शिकवत होता. तो थांबला नाही. वाटेत त्याचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला आणि कानापाशी लाल धूर निघाल्यासारखं पाणी झालं, तरी तो येतच राहिला. निळ्या रंगानं बरबटलेली ती सुरी त्यानं होयबाच्या हनुवटीखाली घातली आणि ताईची शिलाई कापली. ती एका झटक्यात कापली जाणारी नव्हती. चार वेळा सुरी चालवावी लागली. होयबाच्या नळकांड्यात तेव्हा किती हवा उरली होती ते मी सांगत नाही, कारण ताई अजून तो आकडा ऐकू शकत नाही.

दोघं वर गेले. मी खाली राहिलो, गजांत अडकलेला, दिवे लागलेले, कॅमेरा चालू. माझ्यात डोकं नव्हतं, त्यामुळे मी जराही हललो नाही. गाळ बसला. पाणी नितळ झालं. एक छोटा मासा आला, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. बॅटरी संपेपर्यंत चाळीस मिनिटं मी त्या कोपऱ्याकडे बघत होतो. कोण जगलं, कोण नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी यंत्रानं जाळी वर ओढली, तिच्याबरोबर मीही निघालो. तडा तेव्हाच गेला.

होयबा वाचला. हनुवटीवर खूण राहिली, तिच्यात जरा निळा रंगही राहिलाय. पाणबुड्याचा डावा कान गेला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा पाण्याखाली जायचं नाही. त्यानं ते ऐकून घेतलं. त्याला दुसरंच काहीतरी खात होतं. घरी तो होयबाच्या पुढे पाण्याचा तांब्या ठेवायचा, पंखा लावून द्यायचा, बंद करून द्यायचा, पुन्हा लावायचा. दाढ काढायला स्वतः घेऊन गेला आणि बाहेर दोन तास बसला. होयबा म्हणायचा, "असू दे भाऊजी." हे ऐकलं की पाणबुड्या उठून बाहेर जायचा. मला ताईच्या शिवणकामाच्या या खोलीत टांगून ठेवलं होतं. मला कोणी काही म्हणालं नाही. टोपाला कोण बोलणार?

मग पत्र आलं. कार्यालयाची भाषा मला तोंडपाठ आहे. "सदर चित्रीकरणातील अखेरची चाळीस मिनिटे अत्यंत स्थिर असून जाळीचा डावा कोपरा प्रथमच सुस्पष्ट दिसून आला. सबब सदर उपकरणाची प्रशंसा करण्यात येत आहे." पत्र द्यायला साहेब स्वतः आले, चौकटीत बसवूनच. बरोबर फोटो काढायला एक माणूस.

"इतके दिवस चित्र हलायचं," साहेब म्हणाले. "या वेळी एवढं स्थिर कसं काय आलं?"

"आत डोकं नव्हतं," ताई म्हणाली.

साहेब मनापासून हसले. मग त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, उलटसुलट करून बघितलं. "पुढच्या महिन्यात वरच्या तलावावर सगळ्या पाणबुड्यांना हे दाखवायचंय. तुम्हीच उतरा," ते होयबाला म्हणाले. "आता यांना जमणार नाही. घ्या, जरा घालून दाखवा, एक फोटो होऊन जाऊ दे."

पाणबुड्याच्या तोंडचं पाणी पळालं. सवयीनं त्याचं "हो साहेब" ओठांवर आलेलं मी बघितलं. ते त्यानं गिळलं आणि तो खिडकीपाशी गेला. ताईच्या हातात ताडपत्री होती, तीत सुई अर्धी रुतलेली.

होयबाचे हात सवयीनं पुढे आले. माझ्या कडेला त्याची बोटं लागली. मग त्यानं हात मागे घेतले आणि कुठे ठेवावे ते न कळून पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले.

"नको," तो म्हणाला.

"अहो, लाजताय काय? घाला."

"नको म्हटलं ना साहेब."

आवाज बारीकच होता. साहेबांनी मला टेबलावर ठेवलं, पत्राचाच फोटो काढून घेतला आणि निघून गेले. पाणबुड्या खिडकीपाशी उभा होता, बहिरा कान आमच्याकडे. त्यानं ताईला विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

"नको म्हणाला."

"कोण?"

"माझा भाऊ. साहेबांना. नको म्हणाला."

पाणबुड्या वळला आणि चांगला कान तिच्यापुढे आणला. "परत सांग," म्हणाला. तिनं परत सांगितलं.

तर मित्रांनो, दिवे डोक्यावर लावा, कॅमेरे लावा, हात मोकळे करा, माझं काही म्हणणं नाही. फक्त हाक मारायचा दिवा वेगळा ठेवा, हातात. बंदाची गाठ अशी असू द्या की अडकलेल्या माणसाला ती एका हातानं सोडवता येईल. आणि खाली गेलेल्याचा उजेड हलला तर आधी उडी मारा. तो नुसताच मान हलवत होता असं निघालं, तर वर काढा आणि पोटभर शिव्या द्या. कपडे ओले होतील, व्हिडिओ वाया जाईल, लोक हसतील. होऊ दे. शिव्या खायला तो समोर बसलेला असेल, अंगावरून पाणी गळतंय, आणि "पण मला काही झालंच नव्हतं" असं म्हणून तुमच्याशी भांडतोय.